चित्र चांगले. कोणी काढले?

आमच्या दुकानात तीन गोष्टी फ्रेम होतात: देव, डिग्री आणि दिवंगत. डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांनी हे दुकान टाकलं तेव्हापासून आमचं घर या तिघांवर चाललंय. गणपतीच्या आधी देव, निकाल लागले की डिग्री, आणि दिवंगतांना सीझन नसतो. या तिघांतही न बसणारं एकच गिऱ्हाईक आम्हाला मिळालं, ते म्हणजे बाई.

बाई आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या. चित्रकलेच्या सरांची जागा रिकामी झाली आणि ती भरायची कुणाला घाई नव्हती, म्हणून चित्रकलेचा तासही बाईंच्या पदरात पडला. त्या जणू त्याचीच वाट बघत होत्या. इतिहासाच्या तासालासुद्धा त्या फळ्यावर किल्ला काढायला घ्यायच्या. तटबंदी, बुरूज, खाली दाट झाडी, सगळं रंगीत खडूंनी. किल्ला पुरा व्हायचा तेव्हा घंटा व्हायची, त्यामुळे आमच्या वर्गात लढाई अशी कधी झालीच नाही. परीक्षेत मात्र लढाईवर प्रश्न यायचा.

बाईंची दुसरी खोड म्हणजे उत्तर पूर्ण वाक्यात पाहिजे. ती खोड त्या रिटायर झाल्यावरही गेली नाही. दुकानात येऊन विचारायच्या, "कधी मिळेल?"

मी म्हणायचो, "गुरुवारी."

"गुरुवारी काय?"

"गुरुवारी तुमची फ्रेम मिळेल, बाई."

मग त्या मान हलवून जायच्या. दुकानात उभी असलेली इतर गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची. पन्नाशीला आलेला माणूस, केस पांढरे, आणि पाचवीतल्यासारखा उभा. पण बाई समोर असल्या की माझी पाठ आपोआप सरळ व्हायची, त्याला इलाज नव्हता.

रिटायर झाल्यावर लोक हरिद्वारला जातात, बाई क्लासला गेल्या. डोंबिवलीत निघालेला एकही हौशी क्लास त्यांनी सोडला नाही. ग्लास पेंटिंगच्या वर्षी त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी जॅमची रिकामी बाटली उरली नव्हती. मग मडकी रंगवली, मग वारली आली, मग कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं. अलीकडे, म्हणजे पंच्याहत्तरी उलटल्यावर, त्या रेझिनचं घड्याळ शिकायला थेट ठाण्याला, कोलशेतच्या एका टॉवरमध्ये जायला लागल्या. शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची. बाई पहिल्या खुर्चीवर, वहीला खाकी कव्हर घालून. त्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या सूचना बाईंनी वहीत उतरवल्या, शुद्धलेखन तपासलं आणि तिला परत नेऊन दिल्या.

ती म्हणाली, "अहो आजी, ते ऑटोकरेक्ट होतं."

"असेल. त्याला सांग, 'पद्धत'मध्ये द आधी येतो, ध नंतर. आणि मला बाई म्हण."

पुढच्या आठवड्यापासून अख्खा क्लास त्यांना बाई म्हणायला लागला. घड्याळ मात्र बाईंना जमलं नाही. त्यातले आकडे वाळायच्या आत सरकले आणि सहा होता तिथे सात गेला. बाईंनी ते तसंच बिल्डिंगच्या वॉचमनला दिलं.

आता हे सगळं गल्लीतल्या कुणालाही माहीत होतं. पण बाईंची एक गोष्ट फक्त आम्हाला माहीत होती, कारण फ्रेम करणारा माणूस चित्राची पाठ बघतो. बाई आपल्या प्रत्येक चित्राच्या मागे लाल पेनाने दहापैकी गुण द्यायच्या आणि खाली शेरा लिहायच्या. 'आभाळ घाईत उरकले. पाच.' 'आंबा पेरूसारखा. साडेचार.' 'देवीच्या चेहऱ्यावर भाव आहे, पण तो कंटाळ्याचा आहे. सहा.' मी पुढून चित्र साफ करायचो, मागे पुठ्ठा ठोकायचो, आणि तो शेरा कायमचा आत बंद व्हायचा. साडेसहाच्या वर कधी गेल्या नाहीत. मी चुकून एकदा विचारलं की जे पसंत नाही ते फ्रेम कशाला करता. त्या म्हणाल्या, "काचेआड गेल्याशिवाय चुका नीट दिसत नाहीत."

सातच्या खालचं चित्र आपल्या भिंतीवर लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे सगळी चित्रं वाटण्यात जायची. गावातल्या लग्नांत, मुंजींत, वास्तुशांतींत बाईंची नापास चित्रं आहेराला पोचली. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात साडेपाच आहे. भाजीवालीच्या घरात पाच आहे. लोक कौतुकाने सांगतात, बाईंनी स्वतःच्या हाताने काढून दिलं. मी गप्प बसतो. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी, जो आता मोठा बिल्डर आहे, मागे लागला की बाई, तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवू. बाई म्हणाल्या, "नापास मुलांचं गॅदरिंग कशाला?" त्याला वाटलं बाई त्याच्याबद्दल बोलतायत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. एका स्थळाला सहा दिले होते, असं त्यांनीच एकदा सांगितलं.

आणि बाईंच्या बाहेरच्या खोलीत एक खिळा होता. तो मीच ठोकला होता. त्या रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "आता वेळच वेळ आहे, सातचं चित्र होईलच. खिळा ठोकून ठेवू." बाबांनी मला ड्रिल देऊन पाठवलं. सोफ्याच्या बरोबर वर, डोळ्यांच्या उंचीला, बाईंनी फूटपट्टीने जागा मोजून दिली. त्यानंतर वीस वर्षं तो खिळा रिकामा राहिला. त्यावर त्यांनी कॅलेंडर लावू दिलं नाही. एका इलेक्ट्रिशियनने पिशवी अडकवली तर त्याला ती काढून हातात धरून काम करायला लावलं. येणारा जाणारा विचारायचा, इथलं काही काढलंय का? बाई म्हणायच्या, "इथलं अजून काढायचं आहे."

आता माझ्यावरच्या अन्यायाकडे येतो. हा अन्याय मी बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितला, मुलांना ते बोलायला लागल्यावर सांगितला, आणि शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर दर शिक्षकदिनाला टाकतो. पाचवीत असताना बाईंनी चित्र घरून काढून आणायला सांगितलं. विषय बैलपोळा. डोंबिवलीत बैल कुणी बघितलेला? वर्गातल्या सगळ्यांनी बैलाचं तोंड काढलं आणि खाली गुडघाभर गवत उगवलं. माझा बैल मात्र चारही पायांवर उभा होता. एक पाय जरा पुढे, मान वळवलेली, पाठीवर झूल. बाईंनी ते चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग उलटं केलं, लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि मला वाचायला दिलं.

'चित्र चांगले. कोणी काढले?'

वर्ग हसला. मी म्हणालो, "मी."

"पूर्ण वाक्यात."

"हे चित्र मी काढलं, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चित्र परत दिलं नाही, गुणही दिले नाहीत. आपल्या कापडी पिशवीत ठेवून घेऊन गेल्या. भर वर्गात मला खोटारडा ठरवलं, असं मी पुढची चाळीस वर्षं सांगत आलो.

इथे थोडं खरं सांगायला हरकत नाही, कारण आता दुखावणारं कुणी राहिलेलं नाही. तो बैल माझ्या बाबांनी काढला होता. मी झूल रंगवली. बाबा माणदेशातून आलेले, बैलाचे पाय त्यांनी गोठ्यात उभं राहून बघितलेले. इथे आल्यावर त्यांचं चित्र काढणं म्हणजे दिवंगतांच्या जुन्या फोटोत गेलेल्या भुवया भरणं आणि पुसट मंगळसूत्र ठळक करणं. मी रडत घरी आलो आणि काय झालं ते सांगितलं. बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "चांगले लिहिलंय?"

"हो."

"पेनाने?"

"हो, लाल."

त्या दिवशी त्यांनी दुकान तासभर आधी बंद केलं आणि आम्हाला भेळ खायला नेलं. मला तेव्हा फार राग आला होता. माझी अब्रू गेली आणि बाप भेळ खातोय.

पुढे बाई आमचं गिऱ्हाईक झाल्या तेव्हा पहिली अकरा वर्षं त्यांची चित्रं बाबांनीच फ्रेम केली. बाई आल्या की बाबा उठून उभे राहायचे. "साधी पट्टी लावू की नक्षीची?" "साधीच लावा." एवढंच दोघांचं बोलणं. बाबांचा एक नियम होता, फ्रेम करणाऱ्याने चित्रावर बोलू नये. लोक मेलेल्या आईचा फोटो आणतात, वेड्यावाकड्या भरतकामाचे गणपती आणतात. आपण माप घ्यायचं. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांचा फोटो मीच फ्रेम केला आणि भुवया भरायला लागल्या नाहीत, बरी होती प्रिंट.

बाबांचा नियम मी मोडला तो दोन वर्षांपूर्वी. भाचीच्या लग्नात द्यायला बाईंनी दहा-बारा चित्रं एकदम आणली होती. मी ती काउंटरवर ओळीने मांडली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. कोळीण कंबरभर पाण्यात. नाचणाऱ्या बायकांचे घागरे जमिनीवर लोळतायत. शेळी उंच गवतात, साधू मांडी घालून. एका चित्रात नुसतं टेबल होतं, तर त्यालाही खालपर्यंत चादर.

मी म्हणालो, "बाई, तुमच्या चित्रात कुणालाच पाय नाहीत."

बाई ओळीवरून नजर फिरवत शेवटपर्यंत गेल्या. "वाक्य बरोबर आहे," म्हणाल्या, चष्मा पुसला आणि निघून गेल्या. त्यानंतर दीड महिना फिरकल्या नाहीत. बायको म्हणाली, "तुला गरज काय होती रे?" तिचं बरोबर होतं.

आल्या त्या बगळा घेऊन. कोपरच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी चिखलात बगळे उतरतात, तिथे त्या सकाळी फोल्डिंगचं स्टूल घेऊन जायला लागल्या होत्या. रोजचा रिक्षावाला त्यांना सोडायचा आणि म्हणायचा, "आजी, बगळा उडाला की कॉल करा, येतो न्यायला." बगळ्यात पाय सोडले तर दुसरं असतं काय? बाईंनी अवघडच विषय घेतला होता. दर पंधरा दिवसांनी एक बगळा यायचा. मागे शेरे: 'पाय नव्हे, खराटा. चार.' 'उभा नाही, टांगलेला आहे. चार.' 'हा बसला असता तर बरे झाले असते. साडेतीन.' आयुष्यभर साडेसहा मिळवणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी साडेतीनवर आल्या होत्या, आणि तरी त्यांना थांबायचं नव्हतं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग शेऱ्याच्या अक्षरात. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, गोळ्यांनी थोडं थांबेल, पण वाढत जाणार. मला हे सांगताना बाई म्हणाल्या, "त्यांना साडेपाचाचं चित्र दिलं होतं, त्याचा राग असेल." मग म्हणाल्या, "अरे, तो खिळा आता माझ्याकडे बघतो." बाई असं कधी बोलत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचा बगळा आणला. खाडीचं पाणी, पलीकडचं खारफुटीचं रान, वरचं पांढुरकं ऊन, सगळं इतकं छान उतरलं होतं की मी बघतच राहिलो. बगळाही सुरेख. फक्त पोटाखाली काही नव्हतं. पाय काढलेच नव्हते, कागद कोरा होता.

"हात ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "तसाच कर फ्रेम."

मी उलटं करून बघितलं. मागे गुणही नव्हते.

"गुण नंतर देईन. गुरुवारी मिळेल?"

"गुरुवारी तुमची फ्रेम मिळेल, बाई."

बुधवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून मी बाबांचा टच-अपचा बारीक ब्रश काढला. बाईंची दया आली म्हणून काढला, असं म्हणणं सोपं आहे. दया होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला बाईंकडून सात हवे होते, मग ते त्यांच्या नावावर का मिळेनात. बाबांनी मला भुवया शिकवल्या तशी एक गोष्ट शिकवली होती: आधी वजन कुठल्या पायावर आहे ते बघ, मग रेघ ओढ. मी दोन रेघा ओढल्या. एक सरळ, एक जरा दुमडलेली. बगळा चिखलात उभा राहिला.

गुरुवारी बाई आल्या. मी अजून मागचा पुठ्ठा लावला नव्हता, गुण द्यायचे होते ना. बाईंनी चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि खिडकीकडे नेलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, गिऱ्हाईक येऊन गेलं. मग त्यांनी चित्र काउंटरवर पालथं घातलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि थरथरत्या हाताने, एकेक अक्षर सावकाश लिहून ते माझ्याकडे सरकवलं.

'चित्र चांगले. कोणी काढले?'

मी पन्नास वर्षांचा आहे. माझी पाठ आपोआप सरळ झाली.

"पाय मी काढले, बाई."

"आणि बैल?"

त्यांनी कुठला बैल ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणालो, "बैल बाबांनी काढला होता. मी फक्त झूल रंगवली."

"झुलीचा रंग रेघेबाहेर गेला होता, तो तुझा असणार." बाई स्टुलावर बसल्या. "अरे, मी तुला पकडायला नव्हतं विचारलं. मला खरंच विचारायचं होतं. पाय मला तेव्हाही येत नव्हते. म्हटलं, ज्याने काढलेत त्याला जाऊन भेटावं, शिकवतो का बघावं. तू म्हणालास मी काढला. आता पाचवीतल्या मुलाला कसं विचारू, मला शिकव म्हणून?"

मी काउंटरची कड धरून उभा होतो. अकरा वर्षं बाई या काउंटरच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि बाबा या बाजूला. साधी पट्टी की नक्षीची. बाबांना सगळ्या चित्रांतलं गवत दिसलं असणार, चादर दिसली असणार. बोलायचं नाही म्हणून ते बोलले नाहीत. बाईंना माहीत नव्हतं, कारण मी पाचवीत एक पूर्ण वाक्य बोललो होतो.

"कसे काढलेस?" बाईंनी विचारलं.

"वजन कुठल्या पायावर आहे ते आधी बघायचं, मग रेघ ओढायची. बाबा सांगायचे."

"वजन," बाई म्हणाल्या. "मी आकार बघत बसले." त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि तो पदराखाली घेतला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, वाटायलाच हवं."

बगळा त्यांनी घरी नेला नाही. "बगळ्याला साडेसहा, पायांना आठ. सरासरी सव्वासात होते, मला हिशेब येतो. पण कॉपी करून पास झालेलं मूल मी वर्गात ठेवलं नाही, भिंतीवर कुठे ठेवू?" तो त्यांनी रिक्षावाल्याला देऊन टाकला. तो खूश झाला. त्याच्या मते पहिल्या बगळ्यापासून सगळेच बगळे चांगले होते.

चार दिवसांनी बाई पुन्हा आल्या, खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मी कागद सोडला. आत तो बैल होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला, झुलीचा रंग उडालेला. पायांच्या रेघांवर पेन्सिल गिरवून गिरवून कागद झिजून गेला होता. चाळीस वर्षं बाई त्या पायांवर कागद ठेवून सराव करत होत्या आणि आम्हाला गवत देत होत्या.

"साधी पट्टी लाव," बाई म्हणाल्या. "घरात सातच्या वर एवढं एकच चित्र आहे."

मी ते पालथं केलं. मागे त्यांचं जुनं, न थरथरणारं अक्षर होतं, आणि खाली रिकामी जागा. बाईंनी मला माझंच काळं पेन उचलून दिलं. मी लिहिलं, 'बाबांनी.'

"पूर्ण वाक्यात."

मी खोडलं आणि लिहिलं, 'हे चित्र माझ्या वडिलांनी काढले.'

बाईंनी ते वाचलं. मग लाल पेनाने त्याखाली लिहिलं. तेवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी तो हात धरायला गेलो नाही. 'उत्तर बरोबर. उशिरा आले. चित्राला आठ.'

संध्याकाळी ते मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन त्या खिळ्यावर लावलं. पण त्याआधी दुकानात, मागचा पुठ्ठा ठोकायच्या आधी, मी एकदा परत वाचून बघितलं. आठच होते, आणि पेनाने लिहिले होते.